गायत्याचं पथ्य

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे खरं तर ‘मधुमेह्यांसाठी फराळ’ असा लेख मागितला होता. साखर न घालता अनारसे, न तळता चकली, असं काहीतरी. मी म्हटलं, अनारसा तांदळाचा आणि गुळाचा असतो, दोन्ही काढून घेतलं तर ताटात खसखस उरेल. ते हसले. मला हसू आलं नाही. नोकरीभर लोकांनी मला हेच विचारलं आहे, बाई, असं काहीतरी सांगा की सगळं खाता येईल आणि वजनही उतरेल. तसं काही माहीत असतं तर आधी मीच बारीक झाले नसते का?

तेव्हा फराळ नाही. चिडचिड मात्र भरपूर आहे, ती घ्या.

मी ब्रह्मपुरीच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते. माहेर नागभीडचं, अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. नाव रुखसाना, पण ते रुग्णालयात पगार देणाऱ्यांनाच ठाऊक. बाकी सगळ्यांसाठी मी डाएटवाली बाई. डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन माणूस माझ्या टेबलापाशी यायचा तो शाळेत ओणवं उभं राहायला आल्यासारखा. आता ही बाई आपला भात काढून घेणार, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

मी कुणाचा भात काढून घेतला नाही, हे इथे एकदा लिहून ठेवते. टाइप टू मधुमेहात शरीर इन्शुलिन तयार करतं, पण ते धड काम करत नाही. पोटावर चरबी चढली की आणखीच आळशी होतं. वजन थोडं जरी उतरलं तरी ते पुन्हा कामाला लागतं. त्यासाठी उपाशी मरायचं नसतं. गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बसल्या जागी कोसळतो. ताट तेच ठेवायचं, त्यातल्या जागा बदलायच्या. अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात डाळ, अंडं किंवा मासा, आणि उरलेल्या पाव ताटात भात. सांगायला दोन मिनिटं लागतात. आमच्या या धानाच्या मुलखात ते ऐकवायला मात्र एक जन्म पुरत नाही. कारण इथे ताट म्हणजे भाताचा डोंगर, आणि भाजी त्या डोंगरावरून सांडलेली.

एक राइस मिलचे मालक होते. त्यांना भात कमी करा म्हटलं, तर त्यांनी शूरपणे बंदच केला. पुढच्या खेपेला वजन होतं तिथेच. “मॅडम, भाताचं एक शीत नाई खाल्लो,” ते शपथेवर म्हणाले. मी सकाळपासून विचारत गेले. सकाळी पोहे. मधल्या वेळेला मुरमुरे, कारण ते हलके असतात. दुपारी घावन, संध्याकाळी इडली. मी म्हटलं, शेठजी, हे सगळं तांदळाचंच ना? ते माझ्याकडे दुखावल्यासारखे बघत राहिले. “भात सोडला ना मॅडम. तांदूळ कसा सोडू? मिल चालवून राह्यलो मी.” यावर काय बोलायचं ते कॉलेजात शिकवलं नव्हतं.

आमच्या कामाचं अर्धं इंगित या एका प्रश्नात असतं, काल उठल्यापासून काय काय खाल्लं? आणि माणसं जे खाल्लं ते सांगत नाहीत, जे खायला पाहिजे होतं ते सांगतात. म्हणून मी पुढे पुढे जेवणाबद्दल विचारणंच कमी केलं. काल घरी कोण आलं होतं, तुम्ही कुठे गेला होतात, बाजार होता का, असं विचारायचे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, नाटकं होतात आणि अख्खी पंचक्रोशी एकमेकांकडे पाहुणी जाते. पावसाळाभर मी जे वजन उतरवायचे ते मंडईच्या दिवसांत वड्या-पुऱ्यांसोबत परत यायचं. मार्कंड्याच्या जत्रेहून आलेल्या एका बाईंनी तर मला बजावलं होतं की देवाच्या दारचं खाल्लेलं अंगी लागत नाही. वजनकाट्याला हे ठाऊक नव्हतं.

रमजानमध्ये माझी आणखी पंचाईत व्हायची. मी रोजे धरून टेबलाशी बसलेली आणि तोंडाने सांगतेय, उपाशी राहू नका. बाया आपसांत कुजबुजायच्या, “हे सोता दिवसभर पानी पेत नाई, आन आपल्याले खा खा म्हणते.” मी सांगायची की बायांनो, मला शुगर नाही. त्यांना ते पटलेलं मला तरी कधी दिसलं नाही.

या सगळ्यांत देवाजीभाऊ कुमरे वेगळे होते. म्हणजे मला तसं वाटत होतं. कुरखेड्याच्या पुढे जंगलात त्यांचं गाव. जंगलातला गोंड माणूस म्हटला की लोकांना काटक शरीर आठवतं. देवाजीभाऊंचं अर्धं आयुष्य लाकडाच्या डेपोवर चौकीदारी करत खुर्चीत गेलं होतं. पोट सुटलेलं, धाप लागायची. पायात काटा रुतला तो त्यांना कळलाच नाही, कारण साखर फार दिवस चढलेली राहिली की पायाची जाणीव जाते. डाव्या पायाचा अंगठा चिघळला तेव्हा त्यांची बायको मैनाबाई त्यांना ओढतच घेऊन आली. सर्जन म्हणाले, साखर आणि वजन खाली आलं तर अंगठा वाचेल. नाही आलं तर अंगठा जाईल, आणि कदाचित अंगठ्यावर भागणारही नाही.

देवाजीभाऊंनी एवढंच विचारलं, “पाय नाई राह्यला तं डोंगरावर देवापाशी कोण जाईन?” ते गावाचे गायता होते, म्हणजे गावदेवाची पूजा करणारे. दरवर्षी उन्हाळ्यात गाव डोंगरावरच्या देवाकडे चालत जातं आणि सगळ्यांत पुढे गायता चालतो. त्यांच्या आधी त्यांचे वडील चालत होते. त्यांना पाय हवा होता तो यासाठी.

असा पेशंट मिळाला की आम्हा लोकांना बरं वाटतं. वजन कशासाठी उतरवायचं हे ज्याला माहीत आहे, त्याच्यापुढे फार डोकं फोडावं लागत नाही. मी मैनाबाईला समोर बसवून त्यांच्याच घरातलं ताट लावलं. ओट्स नाही, ऑलिव्ह ऑइल नाही. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, माठ. नाल्यातली मासोळी, कमी तेलात. घरच्या कोंबडीचं अंडं, तुरीची डाळ. भात एक वाटी, दाबून भरलेली नाही. कधी भाताऐवजी कोसरी, म्हणजे कुटकीसारखं भरडधान्य, तीही वाटीभरच, कारण भरडधान्य म्हटलं की लोक ते पोतंभर खातात. पायात चप्पल, घरातसुद्धा. मैनाबाईने सगळं एकदा ऐकलं आणि मला परत म्हणून दाखवलं.

पावसाळाभर वजन उतरत गेलं. जखम सुकायला लागली. मी देवाजीभाऊंचं उदाहरण इतर पेशंटांना द्यायला लागले, हेच चुकलं म्हणायचं, कारण लवकर पिकणारं हलकं धान कापून झालं आणि देवाजीभाऊ आले ते चढलेली साखर आणि ओली जखम घेऊन.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “काय खाल्लं?”

“तुमी सांगतल्यापरमानंच खाऊन राह्यलो बाई.”

“वाटीभर भात?”

“वाटीभर.”

“पाहुणे आले होते? कुठे गेला होतात?”

“कुठीच नाई गेलो. गावातच होतो.”

मी उलटून पालटून विचारलं. माणूस जागचा हलेना. डोळ्यांत खोटेपणाचा लवलेश नाही, आणि काटा किलोकिलोने खोटं ठरवतोय. शेवटी मी मैनाबाईकडे वळले. तीही म्हणाली, घरी वाटीभरच देते. मग जरा थांबून म्हणाली, “नव्याचं सोडून.”

नव्याचं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. नवं धान घरात आलं की त्यांच्या गावात ते कुणी लगेच खात नाही. आधी देवाला दाखवायचं. मग गायत्याने एकेका घरी जाऊन त्या घरच्या नव्या भाताचं जेवायचं. त्यानंतरच ते घर नवं धान शिजवतं. गावात घरं भरपूर. देवाजीभाऊ कित्येक दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ घरोघर भात जेवत होते आणि अजून निम्मी घरं बाकी होती.

“अहो, मग हे सांगायला काय झालं होतं?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तुमी म्या काय खाल्लो ते विचारलं,” देवाजीभाऊ शांतपणे म्हणाले. “ते माहं खाणं नोहे. ते नेंग होय. ते देवाचं.”

नेंग म्हणजे रीत, विधी. मी कपाळाला हात लावला. भात देवाचा असेल, पण साखर देवाजीभाऊंची वाढते, हे मी तीन-चार तऱ्हांनी समजावलं. मग मला वाटला तो त्यातल्या त्यात सोपा मार्ग सुचवला. प्रत्येक घरी नुसता एक दाणा ओठाला लावा, जेवू नका. देवाला काय कळतंय?

देवाजीभाऊंनी उलट मलाच विचारलं, “बाई, तुमी रोजा धरता ना?”

“धरते.”

“ओठाले पानी लावून सोडता का? पेत नाई, नुसतं लावलं. तुमच्या देवाले काय कळते?”

बाहेरच्या बाकावरच्या बाया ऐकत होत्या. मी आणखीच चिडले. मी म्हटलं, ठीक आहे, मीच गावात येते.

रुग्णालयाची तपासणीची गाडी त्या बाजूला जायची होती. तिच्यात बसून मी गेले. गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मांडवात, दुपारी म्हातारे जमले. मी ताटाचं रंगीत चित्र उघडून अर्धा तास बोलले. सगळ्यांनी फार सभ्यपणे ऐकलं. शेवटी एक आजोबा म्हणाले, “नवा भात गोड असते, पन आमी त्याच्यात साखर नाई टाकत बाई.” माझं अर्ध्या तासाचं भाषण तिथेच निवर्तलं.

घोडं कुठे अडलं होतं ते मलाही दिसत होतं. गायता जेवल्याशिवाय उरलेल्या घरांना नवं धान शिजवता येत नव्हतं आणि बऱ्याच घरांतलं जुनं संपत आलं होतं. ते लोक हट्टाने बसले नव्हते. त्यांच्या चुली अडल्या होत्या.

मग मैनाबाई बोलली. ती मांडवाबाहेर बायांमध्ये उभी होती, तिथूनच बोलली. “तुमच्या उरल्या घरचं जेवते तं याचा पाय जाते. पाय गेला तं पुढच्या साली डोंगरावर तुमी कोणाच्या मांगं चालान? ते बी सांगा.” एवढंच. त्यानंतर म्हातारे गोंडीत बराच वेळ बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. आवाज चढले, एक जण उठून गेला आणि परत आला.

ठरलं ते असं. उरलेल्या घरांनी आपापल्या नव्या तांदळाची एकेक मूठ आणायची. गोटुलापुढे सगळ्यांची एकच हंडी चढवायची. गायत्याने त्यातलं सगळ्यांच्या नावाने एकदाच जेवायचं. देवाजीभाऊंची एकच अट होती. “हंडी एक चालन. पन घास खरा पायजे. खोटं-खोटं नाई.” मी म्हटलं, वाटीभर खरा घास माझ्याकडून मंजूर.

हंडी झाली. साखर उतरली, जखम पुन्हा सुकली आणि थंडी संपता संपता अंगठा बरा झाला. सर्जनांनी माझं कौतुक केलं. उन्हाळ्यात देवाजीभाऊ गावापुढे डोंगर चढले. अनवाणीच जायचं असतं, यावर आमचं वेगळं भांडण झालं होतं. वर देवाच्या अंगणापर्यंत चप्पल आणि अंगणात अनवाणी, एवढ्यावर ते मिटलं होतं.

आता खरी गंमत सांगते. त्या हंडीपासून माझी झोप उडाली होती. गावातल्या काही जुन्या बायांना ती मुळीच पसंत नव्हती. गावावर काही संकट आलं तर बोट हंडीकडे जाणार आणि हंडीला कारण झालेली म्हणून माझ्याकडे जाणार, हे उघड होतं. मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई, पाच वेळा नमाज पढणारी, वर्षभर रोज दुआ मागत होते की या गावात कुणाचं ढोर मरू नये. तापाची साथ येऊ नये. मैनाबाई तपासणीला आली की मी आधी गावाची खुशाली विचारायची आणि मग साखरेची.

उन्हाळ्याच्या शेवटी मैनाबाईने सांगितलं, वाघाने बैल मारला. बुधाबाईचा. बुधाबाई एकटी राहणारी विधवा होती आणि तिची मूठ हंडीत गेली होती. आमच्या या जंगलपट्ट्यात वाघ ढोरं मारतो ही काही नवलाची गोष्ट नाही. हंडी चढायच्या आधीही मारायचा. हे मी मैनाबाईला सांगितलं. ती म्हणाली, “मले माहीत आहे बाई. तिले सांगा.”

पुढच्या नव्याला मी रजा टाकून गेले. पिशवीत साखर तपासायचं यंत्र आणि डोक्यात भांडणाची सगळी तयारी. गोटुलापुढे हंडी चढली होती. या वेळी अख्ख्या गावाच्या मुठी तिच्यात. बाया एकेक करून येत होत्या, तांदूळ घालत होत्या. बुधाबाई आली ती रिकाम्या हाताने. लहानखुरी, वाळलेली, आवाज मात्र मांडवापार जाणारा.

“मांगच्या साली माहे तांदूळ साऱ्यायच्यात मिसळले,” ती देवाजीभाऊंना म्हणाली. “देवानं सारे घरं पायले. माहं घर त्याले दिसलं नाई. यंदा तू माह्या घरी येऊन जेव. नाई आला तं मी जुनंच खाईन, ते सरलं का उपाशी राहीन.”

देवाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पाय हवा होता, आणि ही म्हातारी उपाशी राहिलेलीही त्यांना चालणार नव्हती. मी काय म्हणते याची ते वाट बघत होते, आणि त्यांच्यासोबत सगळं गाव.

मला राग आला. वाघाचा, बैलाचा, त्या म्हातारीचा, भाताचा, सगळ्यांचाच. पण ज्या कामाने माझे केस पिकले ते मला एवढं तरी शिकवून गेलं आहे की एका जेवणाने कुणाचा पाय जात नाही. जातो तो रोजच्या जेवणांनी. मी म्हटलं, “जा. जेवा तिच्याकडे. हंडीतला एक घास आधी घ्या, आणि आज रात्री भात नाही, नुसती भाजी आणि डाळ.” मैनाबाईने मान हलवली.

हंडीचा घास घेऊन देवाजीभाऊ बुधाबाईच्या घरी गेले. मी मागोमाग गेले, कारण माझा कुणावरच विश्वास नसतो. तिने त्यांना पानाच्या पत्रावळीवर नवा भात वाढला, वर डाळ. ते जेवले. ओठाला लावून नाही, नीट जेवले. म्हातारी समोर बसून प्रत्येक घास बघत होती. जेवण संपलं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले.

आम्ही बाहेर आलो आणि मी जे होणार म्हणून धरून चालले होते तेच झालं. गल्लीतल्या दारादारांत बाया उभ्या होत्या, हातात भाताचं ताट. पहिली म्हणाली, “तिच्या घरी जेवला. आमच्या घरी काऊन नाई?” दुसरीने तेच म्हटलं. तिसरी नुसतंच ताट पुढे करून उभी राहिली. वर्षभराची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत पत्रावळीवर वाढली जात होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बुधाबाई मला बाजूला सारून पुढे झाली.

“माहा बैल मेला म्हून तो माह्या घरी जेवला,” ती त्या सगळ्यांना म्हणाली. “तुमचे बैल जित्ते आहेत ना? मंग जा आपापल्या घरी.”

मग पहिलीने ताट आत नेलं. मग दुसरीने. देवाजीभाऊ चप्पल घालून हळूहळू घराकडे चालू लागले.

बुधाबाईने माझा हात धरून मला आत नेलं आणि पत्रावळीपुढे बसवलं. मला हलाल नसलेलं चालत नाही हे ओळखून कोंबडीचं पातेलं तिने न सांगताच दूर ठेवलं होतं, नुसता भात आणि डाळ वाढली. वाटीने मोजलं असतं तर माझ्या पेशंटाला मी यातला निम्मा काढायला लावला असता. मी सगळा जेवले. जाताना देवाजीभाऊंच्या अंगणात थांबले, मैनाबाईशी दोन शब्द बोलले. साखर तपासायचं यंत्र मी पिशवीतून काढलंच नाही.